शाळेच्या भित्तिपत्रकात दुःखावर मत लिहायचं तर आधी काय, मग काय

शाळेत कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी भित्तिपत्रकावर एक पान लागतं. मधोमध हार घातलेला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली चारोळी, कोपऱ्यात स्केचपेननं काढलेली पणती. पोरं हे मनापासून करतात, तरी पान फसतं. त्यात मत नसतं, घरच्यांना विचारलेलं नसतं आणि निम्मी माहिती गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेली असते. चूक बहुतेक वेळा भाषेची नसते, क्रमाची असते. आधी लिहितात, मग लावतात, आणि घरचे भांडायला आले तर शेवटी विचारतात.

खालचा क्रम नववी ते बारावीच्या संपादक मंडळासाठी आणि त्यांच्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी आहे. भित्तिपत्रक असो, हस्तलिखित असो की वार्षिक अंकातलं पान, पायऱ्या याच.

१. नियमांचं पान जूनमध्येच करा

शाळा भरल्यावर पहिल्या पंधरवड्यात मंडळ ठरवा. पाच-सहा जण पुरेत: दोघं संपादक, एक जण फक्त पडताळणीला, एक मांडणीला, बाकीचे लिहिणारे. एक अट कडक पाळा. ज्यानं लेख लिहिला त्यानं तो पडताळायचा नाही.

मग एका ए-फोर कागदावर नियम लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. नियम थोडेच हवेत:

• गेलेल्या माणसाचं नाव आणि फोटो घरच्यांच्या लेखी होकाराशिवाय लावणार नाही.
• टोपणनावानं लिहिता येईल, पण खरं नाव मार्गदर्शक शिक्षकांना माहीत असेल.
• लेख नाकारला तर नाकारणाऱ्यानं कारण एका ओळीत लिहून द्यायचं. शिक्षकांनीसुद्धा.
• चूक निघाली तर दुरुस्ती त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तिसऱ्या नियमावर शाळा कुरकुर करते. 'शाळेची बदनामी होईल' एवढं तोंडी म्हटलं की विषय संपतो, अशी सवय असते. कारण कागदावर लिहावं लागलं की बरेचसे नकार आपोआप गळतात, आणि जे उरतात ते सहसा रास्त असतात.

सावधान: घटना घडल्यावर नियम करायला बसू नका. त्या आठवड्यात जो मोठ्यानं बोलतो त्याचंच चालतं.

२. विषय ठरवा आणि मत एका वाक्यात लिहा

दुःख म्हणजे फक्त मृत्यू नव्हे. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बीड-धाराशिवकडच्या कितीतरी वर्गांतले बाक रिकामे होतात, ते गळीत हंगाम संपेपर्यंत. कुणी हंगामी वसतिगृहात राहतं, कुणी आजीजवळ, कुणी कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत). आवडत्या बाईंची बदली होते. दहावीतली मैत्रीण सुट्टीनंतर येतच नाही आणि तिचं लग्न झाल्याचं कुणीतरी कुजबुजतं. पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद होते. या सगळ्यावर मत लिहिता येतं (लग्नाबद्दल मात्र सातवी पायरी वाचून), आणि मृत्यूवर लिहिण्याआधी अशा विषयांवर हात बसवणं बरं.

विषय ठरला की हे वाक्य पुरं करा: '______ म्हणून शाळेनं (किंवा आपण वर्गानं) ______ करावं.' वाक्य पुरं होत नसेल तर तुमच्याकडे आठवण आहे, मत नाही. आठवण वेगळ्या सदरात लावा. तीही लागते, पण तिला मत म्हणू नका.

चालतील अशी काही वाक्यं:

• गेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावरून काढण्याआधी वर्गशिक्षकांनी वर्गाशी बोलावं.
• ऊसतोडीहून परतलेल्यांची बुडालेली घटक चाचणी पुन्हा घ्यावी, त्यांना थेट मागच्या बाकावर पाठवू नये.
• वडील वारलेल्या मुलाला परिपाठात उभं करून दोन मिनिटं शांतता पाळू नये. त्याला आधी विचारावं.
• बाईंची बदली झाली तर निरोपाला एक तास द्यावा.

'समाजानं संवेदनशील व्हावं', 'सरकारनं लक्ष द्यावं' ही वाक्यं चालत नाहीत. तुमचं भित्तिपत्रक वाचणारे मुख्याध्यापक, वीस-पंचवीस शिक्षक आणि चार-पाचशे पोरं आहेत. त्यांना जमेल तेच मागा.

किल्लारीबद्दल एक वेगळी सूचना. लातूर-धाराशिवच्या शाळांत ३० सप्टेंबरला भूकंपावर हमखास पान निघतं. आज शाळेत शिकणाऱ्या कुणीही १९९३ ची ती पहाट पाहिलेली नाही, तरी लेख 'धरणी दुभंगली, किंकाळ्या उठल्या' अशा डोळ्यांदेखतच्या थाटात सुरू होतात. ते नको. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, हे आजोबांकडून ऐकलं असेल तर 'आजोबा सांगतात' असं लिहा. मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगवेगळा छापलेला सापडतो, म्हणून आकड्यापुढे तो कुठून घेतला ते नोंदवा. आणि मत आजचं ठेवा. पुनर्वसित गावातल्या आपल्या शाळेत भूकंपाची रंगीत तालीम शेवटची कधी झाली, हा चांगला प्रश्न आहे.

३. परवानगी: लिहिण्याच्या आधी, लावण्याच्या आधी नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मजकूर तयार झाल्यावर परवानगी मागितली की 'एवढं लिहिलंय तर लावू द्या' असा दबाव घरच्यांवर येतो. आधी विचारलं तर त्यांना 'नको' म्हणणं सोपं जातं, आणि ते सोपं जायलाच पाहिजे.

कधी जावं? मातीच्या दिवशी नाही, सावडण्याला नाही, शाळेतले सगळे भेटायला जातात त्या गर्दीत तर नाहीच. हिंदू घरी तेरावा उरकू द्या, मुस्लिम घरी चाळीसावा होईपर्यंत थांबलेलं बरं, बौद्ध घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर जा. पान महिना-दीड महिना उशिरा लागलं तर काही बिघडत नाही.

कोण जाईल? दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक. विद्यार्थ्यांपैकी एक तरी त्या घरी आधीपासून येणारा-जाणारा असावा. तांड्यावर जायचं असेल तर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारा, घरात उर्दू चालत असेल तर उर्दू येणारा सोबत घ्या. फोनवर विचारू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग नको. सुरुवात साधी:

'मावशी, आम्ही शाळेच्या भिंतीवर एक पान लावायचं म्हणतोय. तुम्ही नको म्हणालात तर लावणार नाही. हो म्हणालात तरी लावायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवू.'

मग चार गोष्टी सुट्या-सुट्या विचारा, कारण एका 'हो'त चारही मिळत नाहीत:

१) नाव लिहिलं तर चालेल का?
२) फोटो लावला तर चालेल का, आणि कोणता?
३) कसं गेलं हे लिहायचं का, की नुसतं 'गेलं' एवढंच?
४) कुणी या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला तर तुम्हाला त्रास होईल का?

चौथा प्रश्न बहुतेक मंडळं विसरतात. फलकावरचं पान मधल्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर जातं आणि शाळा सुटायच्या आत गावभर फिरतं. 'इथे मोबाईल आणू नये' अशी पाटी लावून ते थांबत नाही.

होकार मिळाला तर तारखेसह सही घ्या. वाचता येत नसेल तर शिक्षकांनी होकाराच्या कागदावरचा मजकूर सावकाश वाचून दाखवावा. नुसता अंगठा घेऊन निघू नका. वडिलांनी सही केली आणि आईला पत्ताच नाही, असं घडतं. दोघंही असतील तर दोघांना विचारा. शाळेत धाकटं भावंड असेल तर त्यालाही विचारा, कारण त्या पानासमोरून रोज तेच जाणार आहे.

तपासा: होकाराचा कागद शिक्षकांच्या फाइलमध्ये आला का? नसेल तर पुढची पायरी सुरू करू नका. आणि पान लागेपर्यंत घरच्यांना होकार मागे घेता येतो, हे त्यांना सांगितलंय ना?

४. माहिती गोळा करणं

मताच्या लेखातही तथ्यं असतात आणि तीच चुकतात. नावातले ऱ्हस्व-दीर्घ, तुकडी, तारीख, 'शाळेनं काहीच केलं नाही' हे वाक्य. हे शेवटचं तर दर तीन लेखांत एकदा भेटतं. शाळेनं काय केलं, कुणी केलं, कधी केलं हे वर्गशिक्षकांना आणि कार्यालयात विचारल्याशिवाय ते लिहू नका. कधी कधी एखाद्या सरांनी गुपचूप फी भरलेली असते आणि ते त्यांना बाहेर यायला नको असतं.

प्रत्येक तथ्याला दोन आधार घ्या. ग्रुपवरचा मेसेज हा आधार नव्हे. तोच मेसेज पाच ग्रुपवर दिसला तरी तो एकच.

वर्गातल्या तीन ते पाच जणांशी बोला. 'तुला कसं वाटलं?' हा प्रश्न टाळा, त्याला 'खूप वाईट वाटलं' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: त्या आठवड्यात वर्गात काय बदललं? कुणी काय बोललं तर बरं वाटलं? काय केलं नसतं तर बरं झालं असतं? समोरचा रडायला लागला तर वही मिटा. पुन्हा विचारायला दुसऱ्या दिवशी जाऊ नका. त्याला बोलायचं असेल तर तोच येईल.

५. लिहिणं

साडेतीनशे ते चारशे शब्द पुरे. याहून लांब लेख फलकासमोर उभं राहून कुणी वाचत नाही. पहिल्या परिच्छेदात एक नेमकी, पाहिलेली गोष्ट. दुसऱ्यात मत, सरळ. मग दोन परिच्छेद कारणांचे. एक परिच्छेद विरुद्ध बाजूचा (शाळेची अडचण काय असेल). शेवटी काय करावं ते, कुणी आणि कधीपर्यंत यासह.

पहिला खर्डा सहसा असा येतो:

'क्रूर काळानं आमच्यातून एक हिरा हिरावून नेला. तो हसतमुख, मनमिळाऊ, अभ्यासू होता. देवालाही चांगली माणसं आवडतात. त्याच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.'

यातून मुलगा कोण होता ते कळत नाही. हा मजकूर कुणालाही चिकटतो, म्हणूनच तो पटकन सुचतो. दुरुस्त खर्डा:

'सोमवारी सरांनी हजेरी घेतली. सतरा म्हणाले, मग एकोणीस. अठरा नंबर कुठे गेला हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. पण आदल्या शनिवारपर्यंत तो नंबर होता. आम्हाला वाटतं, तो काढण्याआधी सरांनी एकदा आमच्याशी बोलायला हवं होतं.'

विशेषणं सगळी गेली. मत पाचव्या वाक्यात आलं. सरांवर आरोप नाही, पण मागणी आहे. आता पुढच्या परिच्छेदात विरुद्ध बाजू घ्या: हजेरीपट हे सरकारी दप्तर आहे, त्यात बदल करणं सरांच्या एकट्याच्या हातात नसेल. मग मागणी आणखी नेमकी होते: नाव काढा, पण आधी पाच मिनिटं वर्गाशी बोला.

लिहिताना हे टाळा: 'पोकळी', 'काळाचा घाला', 'नियतीला हे मान्य नव्हतं', फेसबुकवरून उतरवलेल्या चारोळ्या, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी काल्पनिक संवाद. 'मी वरून तुम्हाला बघतोय' छापाचं पत्र तर मुळीच नको. आईनं ते वाचायचं असतं.

गेलेल्या मुलाला देव करू नका. तो गणिताचा तास बुडवायचा हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. घरच्यांची हरकत नसेल तर तेही येऊ द्या.

६. आत्महत्या असेल तर

या पायरीवर घाई करणाऱ्या मंडळानं लेख लिहूच नये. शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनी मजकूर वाचल्याशिवाय एक ओळही लावू नका.

• पद्धत, जागा, चिठ्ठी, औषधाचं नाव: काहीच नाही. 'शेतात' एवढंही नको.
• शीर्षकात हा शब्द नको. फोटो नको, मुखपृष्ठ नको.
• एक कारण ठोकून देऊ नका. 'नापास झाला म्हणून', 'मोबाईल दिला नाही म्हणून', 'कर्जापायी' ही वाक्यं वाचणाऱ्या दुसऱ्या मुलाला रस्ता दाखवतात, आणि बहुधा अर्धवट खरी असतात.
• 'सुटला', 'शांत झाला', 'धाडस केलं' असे शब्द नकोत.
• लेखाखाली, त्याच अक्षरात: टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, चाइल्ड हेल्पलाइन १०९८. दोन्ही मोफत, चोवीस तास. शाळेत बोलायला जाता येईल अशा एका शिक्षकाचं नावही, त्यांना विचारून.

प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, त्यातही पद्धत, जागा आणि सनसनाटी शीर्षक यांना मनाई आहे. मोठ्या पेपरांना जे लागू, ते शाळेत दुप्पट लागू, कारण इथे वाचणारे सगळे त्याच वयाचे आहेत.

वडिलांनी आत्महत्या केलेली मुलं मराठवाड्यातल्या अनेक वर्गांत बसलेली असतात. त्या घरात सरकारी मदतीसाठी तहसीलच्या पात्र-अपात्रतेचा कागद फिरत असतो. मदतीसाठी कर्ज आणि नापिकीचे पुरावे तपासले जात असताना शाळेच्या भिंतीवर कुणी 'घरगुती कारण' लिहिलं, तर त्याचा त्रास खरोखर होतो. शेतकरी आत्महत्या या विषयावर मत लिहायचं तर आपल्या वर्गातल्या कुठल्याही घराकडे बोट जाणार नाही, असं लिहा.

७. कायद्याची एक अडचण, जी शाळेतच येते

पॉक्सो कायद्याचं (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ आणि बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ अशा प्रकरणांतल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात. ओळखीत नाव, पत्ता, फोटो येतात आणि शाळाही येते. मोठ्या पेपरमध्ये 'एका शाळेतली विद्यार्थिनी' लिहून चालतं. तुमच्या भिंतीवर 'एक विद्यार्थिनी' लिहिलं तरी शाळा आपोआप कळते, आणि 'नववी ब' जोडलं की घरच कळतं. म्हणून अत्याचार, पोलीस प्रकरण किंवा बालविवाह असेल तर आपल्या शाळेतल्या घटनेवर लेख नाहीच. विषयावर सर्वसाधारण मत लिहा. शाळेत तक्रारपेटी आहे का, ती आठवड्यातून कितीदा उघडतात, यावर लिहिता येतं.

शिक्षकांसाठी: एखाद्या खर्ड्यात मुलीनं स्वतःवर झालेल्या अत्याचाराचं लिहून दिलं, तर तो लेख राहत नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खर्डा मंडळात फिरवू नका, मुलीला एकटं सोडू नका.

८. तीन वाचनं

पहिलं वाचन पडताळणी करणाऱ्याचं: प्रत्येक नाव, तारीख, 'कुणीच', 'कधीच', 'नेहमी' या शब्दांखाली रेघ मारायची आणि आधार विचारायचा. दुसरं वाचन मोठ्यानं, घरचे समोर बसलेत असं धरून. तिसरं पाचवीतल्या मुलाच्या नजरेनं, कारण भित्तिपत्रक पाचवीचं पोरगंही वाचतं आणि घरी जाऊन विचारतं.

यानंतर घरच्यांना वाचून दाखवा. त्यांनी सांगितलेलं तथ्य बदला. त्यांनी मत बदलायला सांगितलं तर नम्रपणे सांगा की मत लिहिणाऱ्याचं आहे; मात्र त्यातून आपलं नाव काढा म्हणाले तर लगेच काढा.

९. मांडणी आणि लावणं

कार्डशीट बावीस बाय अठ्ठावीस इंचाची घ्या, उभी. चारही बाजूंनी दोन इंच सोडा. दोन रकाने आखा, ओळींत बारा मिलिमीटर अंतर ठेवा. शीर्षक सोडून एका रकान्यात चाळीसेक ओळी, एका ओळीत पाच-सहा शब्द. म्हणजे चारशे शब्द आरामात बसतात. बसत नसतील तर अक्षर लहान करू नका, मजकूर कापा. जेल पेनची शाई ओलीनं पसरते, बॉलपेन किंवा मार्कर बरा. संगणकावर टाइप करणार असाल तर सतरा-अठरा पॉइंट, आणि युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं मोडतात, आणि नेमकं गेलेल्या मुलाचं नाव मोडलेलं निघतं.

काळी पट्टी, हार, पणती, अश्रूंची चित्रं काढू नका. ती आली की वाचणारा हात जोडून पुढे जातो, लेख वाचत नाही.

जागा बघून ठरवा. पोषण आहाराची रांग लागते तिथे नको, भावंडाच्या वर्गाच्या दारात नको. लावायला मंगळवार किंवा बुधवारची सकाळ बरी: पुढचे दोन-तीन दिवस शिक्षक शाळेत असतात, कुणी हललं तर बोलायला माणूस मिळतो. शनिवारी अर्धी शाळा, मग रविवार. त्या दिवशी नको. सहामाहीच्या किंवा बोर्डाच्या तोंडावर नको. आदल्या दिवशी भावंडाला आणि दोन-तीन जवळच्या मित्रांना सांगून ठेवा. अचानक समोर आलेला फोटो वाईट लागतो.

तपासा: दुरून शीर्षक वाचा. नुसतं शीर्षक वाचून कुणी चुकीचा अर्थ काढेल का? बहुतेक जण तेवढंच वाचतात.

१०. लावल्यानंतर

आठ दिवस ठेवा. शेजारी एक पेटी, त्यात उत्तरं टाकायला सांगा. आलेल्यांतलं एक विरोधी मत पुढच्या अंकात नक्की लावा. मुख्याध्यापकांना मागणीची एक प्रत वेगळ्या कागदावर, तारीख टाकून द्या. तोंडी सांगितलेली मागणी सुट्टीत विरून जाते. पंधरा दिवसांनी उत्तर विचारायला जा, आणि उत्तर 'नाही' असलं तरी ते छापा.

आठव्या दिवशी पान काढा. पिना काढताना फाडू नका. मूळ पान घरच्यांना हवं का विचारा. हवं असेल तर गुंडाळी करून नेऊन द्या, घडी घालू नका. प्रत आणि होकाराचा कागद फाइलमध्ये एकत्र टाचून ठेवा. पुढल्या वर्षी त्याच तारखेला तेच पान पुन्हा लावायचं मनात आलं, तर तिसऱ्या पायरीपासून सगळं नव्यानं. मागच्या वर्षीचा होकार मागच्या वर्षापुरताच होता.